किरणोत्सर्ग : स्वरूप, धोके आणि सुरक्षितता (मायापुरी दुर्घटनेच्या संदर्भात)

प्रस्तावना :
किरणोत्सर्ग हा शब्द उच्चारताच सर्वसामान्यांच्या डोळ्यांसमोर अणुबॉम्ब किंवा अणुभट्टी उभी राहते. तथापि एप्रिल २०१० मध्ये भारतात किरणोत्सर्गाने एका व्यक्तीचा बळी घेतला तो अणुभट्टीत नव्हे, तर दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगार बाजारात. या दुर्घटनेच्या आधारे किरणोत्सर्गाचे स्वरूप व त्यापासून संरक्षणाचे नियम यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

किरणोत्सर्गाचे स्वरूप :
काही अणूंची केंद्रे अस्थिर असतात व स्थिर होताना ती ऊर्जा बाहेर टाकतात. १८९६ मध्ये हेन्री बेक्वेरेल यांना युरेनियमच्या क्षारांत हा गुणधर्म आढळला. या उत्सर्जनाचे तीन प्रमुख प्रकार आहेत. अल्फा किरण कागदानेही अडतात. मात्र त्यांचा स्रोत श्वासावाटे किंवा अन्नावाटे शरीरात गेल्यास तो घातक ठरतो. बीटा किरणांना काही मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा पुरतो. गॅमा किरण मात्र शरीर भेदून जातात. त्यांच्यासाठी शिसे किंवा जाड काँक्रीट लागते. हे किरण पेशींतील रेणूंचे आयनीकरण करून डीएनएला इजा पोहोचवतात. त्यांना रंग, वास वा चव नसते. त्यामुळे धोका जवळ असूनही माणसाची ज्ञानेंद्रिये त्याची सूचना देत नाहीत.

मात्रेचे महत्त्व :
किरणोत्सर्गापासून पूर्णतः अलिप्त राहणे कोणासही शक्य नाही. माती, खडक, हवा, अन्न व अवकाश यांतून जगातील प्रत्येक व्यक्तीस वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. नैसर्गिक व वैद्यकीय मात्रा वगळता, सामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसीव्हर्ट आणि किरणोत्सर्गी क्षेत्रातील कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट अशी मर्यादा भारतात निश्चित केलेली आहे.

मायापुरी येथे काय घडले ? :
दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ मध्ये घेतलेले गॅमा किरणन उपकरण १९८५ पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. भंगार बाजारात शिशाचे कवच फोडण्यात आले आणि आतील कोबाल्ट-६० उघडे पडले. एकाने तर त्याचा चकाकणारा तुकडा पाकिटात ठेवला. अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली व त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला.

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सुमारे ५.२७ वर्षे आहे. म्हणजे ४२ वर्षांत आठ अर्धायुकाल उलटून मूळ क्रियाशीलतेचा सुमारे २५० वा हिस्साच उरला होता. तेवढाही प्राणघातक ठरला. उपकरण जुने झाले म्हणून ते निर्धोक झाले, हा समज किती चुकीचा आहे हे यावरून स्पष्ट होते.

संरक्षणाची त्रिसूत्री :
१) काळ : स्रोताजवळील वास्तव्य निम्मे केल्यास मात्राही निम्मी होते.
२) अंतर : लहान स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केल्यास तीव्रता एक चतुर्थांश होते, दहापट केल्यास शंभरावा हिस्सा उरतो.
३) कवच : कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सुमारे १२ मिलिमीटर शिशाने निम्मे होतात.

पाकिटातील तुकड्याच्या बाबतीत काळ दीर्घ होता, अंतर जवळजवळ शून्य होते आणि कवच मुळीच नव्हते.

किरणन आणि दूषण :
या दोहोंतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. गॅमा किरण अंगावर पडल्याने मनुष्य किंवा वस्तू स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. म्हणूनच लासलगाव येथील केंद्रात कोबाल्ट-६० च्या किरणांनी प्रक्रिया केलेला कांदा किंवा आंबा खाण्यास सुरक्षित असतो. याउलट किरणोत्सर्गी पदार्थाचे कण अंगावर, कपड्यांवर वा शरीरात गेल्यास ते दूषण होय. अशा वेळी कपडे काढून वेगळे बांधून ठेवणे व अंग साबण-पाण्याने धुणे हा पहिला उपाय आहे.

समारोप :
पिवळ्या पार्श्वभूमीवरील तीन पात्यांचे चिन्ह हा किरणोत्सर्गाचा इशारा आहे. ज्यांना ते ओळखता येणार नाही, त्यांच्यासाठी २००७ मध्ये लाल त्रिकोणात कवटी व पळणारा मनुष्य दाखवणारे पूरक चिन्ह स्वीकारण्यात आले. अशी चिन्हे असलेली किंवा संशयास्पद जड धातूची वस्तू आढळल्यास तिला हात न लावता दूर जावे, इतरांना दूर ठेवावे व पोलिसांना कळवावे. मात्र खरी जबाबदारी संस्थांची आहे. डेडस्टॉक नोंदवहीतून उपकरणाचे निर्लेखन झाले, तरी त्यातील किरणोत्सर्ग संपत नाही. उपकरण जाणणारी व्यक्ती निवृत्त होण्यापूर्वी तिचे ज्ञान कागदावर उतरले पाहिजे आणि अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अनुमतीविना असा स्रोत संस्थेच्या दाराबाहेर जाता कामा नये. मायापुरीत भंगार फोडणाऱ्या हातांना आत काय आहे हे कोणी सांगितले नव्हते.