एक पुस्तक, दोन टेबलं

लेखमाला : पुस्तकाची वाट – लेखांक ९

मागच्या लेखात आपण संयुक्त तालिका पाहिली. कुठलं पुस्तक कुठल्या ग्रंथालयात आहे, हे ती एका जागी सांगते. आज त्यापुढचा प्रश्न. वाचकाला हवं असलेलं पुस्तक आपल्या ग्रंथालयात नाही असं दिसलं, तर पुढे काय होतं?

मोठ्या ग्रंथालयात अशा वेळी दोन टेबलं असतात. पहिलं खरेदीचं. तिथे मागणी गेली की ती निवड समितीपुढे जाते, त्या विषयाच्या वाट्याला किती पैसे उरलेत ते पाहिलं जातं आणि विक्रेत्याकडे ऑर्डर जाते. पुस्तक आलं की दाखल क्रमांक, वर्गीकरण, तालिकीकरण, शिक्के आणि मग कपाट. दुसरं टेबल आंतरग्रंथालयीन देवघेवीचं. तिथे मागणी गेली की पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयातून काही आठवड्यांसाठी उसनं येतं आणि मुदत संपली की परत जातं. पहिल्या टेबलाचं घड्याळ आर्थिक वर्षाचं असतं, दुसऱ्याचं दिवसांचं. अर्ज निराळे, संगणकप्रणाली निराळ्या, बहुतेक ठिकाणी खोल्याही निराळ्या. एका टेबलावर काय चाललंय हे दुसऱ्याला कळायला वाव नसतो. त्यामुळे असंही होऊ शकतं की एक पुस्तक शेकडो मैलांवरून उसनं मागवलं जातं आणि त्याच पुस्तकाची स्वतःची विकत घेतलेली प्रत वरच्या मजल्यावरच्या खोक्यात दाखल होण्याची वाट पाहत पडलेली असते.

एम.ए.च्या वर्षी मी कॉलेजच्या मागणी वहीत एका पुस्तकाचं नाव लिहिलं होतं. पुस्तक आलं, पण तोवर परीक्षा होऊन निकालही लागला होता. तेच पुस्तक त्याच शहरातल्या दुसऱ्या एका ग्रंथालयात तेव्हाही होतं, हे मला पुढे कळलं. वही खरेदीच्या टेबलाची होती आणि उसनं आणायची वाट त्या वहीतून निघतच नव्हती. पुस्तक विकत यावं की उसनं, हे मी ठरवलेलं नव्हतं आणि मला ठरवायचंही नव्हतं. मला ते वाचायचं होतं. या लेखाचं मूळ त्या वहीत आहे.

ही दोन टेबलं जोडण्याचे प्रयत्न अमेरिकेतल्या विद्यापीठांत झाले, आणि त्यामागे हिशेबाचा धक्का होता. १९७९ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये तिथे घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही कोणी घरी नेली नव्हती. तज्ज्ञांनी निवडलेली, पैसे मोजून घेतलेली, निगुतीनं लावलेली पुस्तकं! मग १९९३ मध्ये संशोधन ग्रंथालयांच्या पाहणीनं दुसऱ्या टेबलाचाही खर्च मांडला. एक मागणी उसनवारीनं पुरी करायला मागणाऱ्या ग्रंथालयाला सरासरी १८ डॉलर ६२ सेंट आणि देणाऱ्याला १० डॉलर ९३ सेंट पडत होते. दोन्ही मिळून २९ डॉलर ५५ सेंट. यातला मोठा भाग टपालाचा नव्हे, माणसांच्या कामाचा. उसनवारी फुकट असते हा समज तिथे गळून पडला. तीस डॉलरच्या आत मिळणारं नवं पुस्तक उसनं आणून परत पाठवायचं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या वाचकासाठी तेच पुन्हा मागवायचं, याला अर्थ नव्हता.

पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठानं १९९० पासूनच उसनवारीच्या मागण्यांतली काही पुस्तकं सरळ विकत घ्यायला सुरुवात केली होती. पण जास्त चर्चा झाली ती इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठाची. जानेवारी २००० मध्ये तिथल्या उसनवारी विभागानं एक साधा नियम लावला. मागणी आलेलं पुस्तक इंग्रजी असेल, अभ्यासाचं असेल, गेल्या पाच वर्षांतलं असेल, ठरलेल्या किमतीच्या आत असेल आणि आठवड्याभरात रवाना होणार असेल, तर ते उसनं मागवायचं नाही. ॲमेझॉनवरून विकत घ्यायचं. आलं की जुजबी नोंद करून आधी त्या वाचकाच्या हातात द्यायचं. वर्गीकरण, तालिकीकरण सगळं नंतर, पुस्तक परत आल्यावर.

या क्रमबदलाचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे पुस्तक आधी ग्रंथालयाचं होतं आणि मग वाचकाचं. पर्ड्यूनं ते उलटं केलं. पुढे तिथल्या ग्रंथपालांनी तपासलं तेव्हा दिसलं की अशी घेतलेली पुस्तकं पहिल्या वाचकानंतरही, नेहमीच्या पद्धतीनं घेतलेल्या पुस्तकांपेक्षा जास्त वेळा बाहेर गेली. विषयतज्ज्ञांनी यादी चाळली तेव्हा त्यांना बहुतेक पुस्तकं संग्रहाला शोभणारी वाटली. बरीचशी तर दोन विषयांच्या सीमेवरची होती. अशी पुस्तकं निवडीच्या वेळी सहज सुटतात, कारण प्रत्येक विषयाला ती दुसऱ्याची वाटतात.

पर्ड्यूनं उसनवारीच्या टेबलाला खरेदीचा हक्क दिला. त्यापुढचं पाऊल न्यूयॉर्क राज्यातल्या जेनेसिओ इथल्या सरकारी महाविद्यालयानं टाकलं. २०१०च्या आसपास तिथे ‘गिस्ट’ नावाची व्यवस्था तयार झाली. ती उसनवारीच्या प्रचलित ‘इलियाड’ या प्रणालीवरच उभी केली होती. वाचकासमोर एकच अर्ज येतो. पुस्तक कधीपर्यंत हवं आणि ग्रंथालयानं ते विकत घ्यावं असं वाटतं का, हेही त्याच अर्जात विचारलं जातं. अर्ज पोचला की कर्मचाऱ्याला एकाच पडद्यावर पुस्तकाची बाजारातली किंमत, ते किती ग्रंथालयांत आहे, त्यातली कोणती ते विनामूल्य देतील आणि ते इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे का, हे सगळं दिसतं. मग निर्णय. शेजारच्या चार महाविद्यालयांत पुस्तक आहे, तर उसनं. कुठेच नाही आणि किंमत आवाक्यात आहे, तर विकत. वाचकाला पुन्हा दुसरा अर्ज भरावा लागत नाही.

असं असेल तर सगळीच खरेदी मागणीवर का सोपवू नये? इथे मी थांबतो, आणि त्याचं कारण मराठी पुस्तकांपाशी आहे.

पीएल ४८० म्हणजे भारताला धान्य पुरवण्यामागचा अमेरिकी कायदा. त्याचं नाव काढलं की आपल्या आधीच्या पिढीला रेशनवरचा लाल गहू आठवतो. त्या गव्हाचे पैसे भारत रुपयांत चुकते करत असे आणि ते रुपये भारतातच साठत. त्यातले काही अमेरिकेनं पुस्तकांवर खर्च केले. १९६२ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं दिल्लीत कार्यालय उघडलं आणि भारतीय भाषांतल्या पुस्तकांच्या प्रती शिकागोसारख्या विद्यापीठांना जाऊ लागल्या. त्यांत मराठी पुस्तकंही होती. कथा, इतिहास, दिवाळी अंक, ज्यांना इथेही मोजके वाचक होते अशी चरित्रं. त्या पुस्तकांसाठी तिथे कोणाही वाचकानं अर्ज भरलेला नव्हता. यातली कितीतरी पुस्तकं पिट्सबर्गच्या पाहणीत ‘न गेलेली’ म्हणूनच मोजली गेली असती.

आज ओहायोतल्या एखाद्या अभ्यासकाला साठच्या दशकातलं मराठी पुस्तक हवं असेल, तर किंमत पाहून काही उपयोग नाही. पुस्तक बाजारातच नाही. पर्ड्यूचा नियम इथे पहिल्याच पायरीवर अडतो: भाषा इंग्रजी नाही, साल जुनं, आठवड्याभरात रवाना होण्याची शक्यता शून्य. तिथे उसनवारीच कामाला येते, आणि ती येते कारण कोणीतरी साठ वर्षांपूर्वी न मागितलेलं पुस्तक घेऊन ठेवलं होतं. म्हणून माझं मत असं की टेबलं जोडावीत, अर्ज एक करावा, पण खरेदीच्या रकमेतला ठरावीक वाटा मागणीच्या हाती देऊ नये. तो निवडणाऱ्या ग्रंथपालाकडेच राहावा.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शासनमान्य ग्रंथालयांत मागणी वही असते, पण एका ग्रंथालयानं दुसऱ्याकडून पुस्तक आणून देणं फारसं रुळलेलं नाही. यासाठी गिस्टसारखी प्रणाली लागेलच असं नाही. त्याच वहीत दोन रकाने वाढवता येतील. एक, ‘कधीपर्यंत हवं’. दुसरा ग्रंथपालानं भरायचा, ‘जवळपास कुठे आहे’. दुसरा रकाना भरण्यासाठी तालुक्यातल्या पाच-सहा ग्रंथालयांनी आपापल्या दाखल नोंदींच्या याद्या एकमेकांना द्याव्या लागतील, आणि पुस्तक हरवलं तर भरपाई कोणी करायची हे आधी लिहून ठेवावं लागेल. त्या भरपाईच्या प्रश्नावर बऱ्याच चांगल्या योजना अडल्या आहेत. पुढचा लेख त्यावरच.