झाकण ठेवायचे की नाही?

पाव किलो भेंडी, पाव किलो गवार आणि एक कोवळा दुधी. तिन्ही भाज्या एकाच कढईत, एकाच फोडणीवर होतात. तरीही भेंडीवर झाकण ठेवले तर तिला तार सुटते, गवारीवर ठेवले नाही तर ती दाताखाली चरबट लागते, आणि दुधीत वरून पाणी घातले तर पोळीशी खायची भाजी पातळ होऊन बसते. तेल तेच, मसाला तोच, करणारा हातही तोच. फरक पडतो तो पाण्याने.

नव्याने स्वयंपाकाला लागलेली मुले-मुली प्रत्येक भाजीची वेगळी कृती शोधतात. मेथीची एक, कोबीची दुसरी, तोंडलीची तिसरी. वर्षानुवर्षे रांधणारी माणसे मात्र कृती आठवत बसत नाहीत. भाजी हातात घेतली की तिच्यात पाणी किती आहे आणि ते कढईत ठेवायचे की उडवायचे, हे त्यांना कळते. झाकण, आच, मीठ आणि आंबट यांचे सगळे निर्णय त्यावरून ठरतात. एवढे उमजले की घरची बहुतेक साधी भाजी वीस मिनिटांत होते.

ही सोपी वाट सापडणे गरजेचेही आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी सुधारित आहारसूत्रे दिली. त्यांत मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात पालेभाज्या धरून सुमारे 400 ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. चार जणांच्या घरात ही दिवसाला दीड किलोहून जास्त भाजी झाली. दोन वेळच्या एकेका भाजीने हा आकडा गाठता येत नाही. ताटात उजवीकडे एखादी भाजी आणि डावीकडे कोशिंबीर, दोन्ही वेळेला, असे वाढले तर जमते. आणि रोज इतके करायचे तर प्रत्येक पदार्थ साधाच हवा.

आधी फोडणी

पाव किलो भाजीला दीड-दोन चमचे तेल पुरते. तेल पुरते तापले की अर्धा चमचा मोहरी. दाण्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि तो फुटतो. तडतड थांबेपर्यंत थांबले नाही तर मोहरी कडवट लागते. मग जिरे, चिमूटभर हिंग आणि आच कमी करून पाव चमचा हळद, कारण हळद क्षणात करपते. या मसाल्यांचा वास आणि हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो. म्हणून ते भाजीवर भुरभुरवण्यापेक्षा आधी तेलात सोडले की कमी घालूनही सगळ्या भाजीला लागतात. पालेभाजी, गाजर, लाल भोपळा यांतले कॅरोटीन अंगी लागायलाही थोडे तेल-तूप लागते. तेल अजिबात न वापरता भाजी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कमलाबाई ओगले यांच्या 1970 सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी रुजवले. नवशिक्यांसाठी ते माप आजही सर्वांत भरवशाचे आहे. महिनाभर मोजून फोडणी केली की पुढे मापाचा चमचा लागत नाही.

वाफेवरच्या भाज्या

गवार, फरसबी, घेवडा, फ्लॉवर, सुरण या घट्ट भाज्या. त्यांना मऊ करायला उष्णता आत शिरावी लागते आणि ते काम वाफ करते. इथे जुन्या घरांतली एक युक्ती फार कामाची आहे. फोडणीत भाजी परतून घ्यायची, कढईवर खोलगट ताटली ठेवायची आणि ताटलीत पेलाभर पाणी ओतायचे. आतली वाफ ताटलीच्या गार बुडाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते परत भाजीवर पडतात. भाजी आपल्याच रसात शिजते, बुडाला लागत नाही. मधूनच ओलावा कमी वाटला तर ताटलीतले कोमट झालेले पाणी शिंपडायचे. गार पाण्याने शिजणे थबकते, तसे याने होत नाही.

यात आणखी एक फायदा आहे. क जीवनसत्त्व आणि ब गटातली बरीचशी जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात. भाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिले की तीही मोरीत जातात. भाजी चिरून मग धुतली तरी तेच होते, म्हणून आधी धुवावी, मग चिरावी.

गवार दोन्ही बाजूंच्या शिरा काढून मोडायची, फोडणीत थोडा ओवा घालायचा, वाफेवर पंधरा मिनिटे शिजू द्यायची आणि शेवटी दाण्याचे कूट, गोडा मसाला, गुळाचा खडा घालायचा. फरसबी बारीक चिरली तर दहा मिनिटे पुरतात. कोकणात आणि गोव्यात तिच्यावर ओले खोबरे येते. ते गॅस बंद करायच्या बेताला घातले की त्याचा गोडवा टिकतो. मात्र खोबरे घातलेली भाजी उन्हाळ्यात लवकर आंबते, त्यामुळे दुपारच्या डब्यासाठी कुटाची भाजी बरी.

दुधी, दोडका, पडवळ, कोबी यांच्यातच इतके पाणी असते की वरून घालायची गरज पडत नाही. कढईवर नुसते झाकण पुरते. अर्धा तास भिजवलेली मूठभर मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ त्यांच्यात टाकली की भाजीने सोडलेले पाणी डाळ पिते, डाळ शिजते आणि भाजीही कोरडी राहते. दुधी चिरताना मात्र त्याचा बारीकसा तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर सगळा टाकून द्यावा. कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजवल्याने तो जातो असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही दुधीचा रस काढण्याआधी चव घेण्याचा आणि कडू दुधी फेकून देण्याचा सल्ला दिला आहे.

उघड्या कढईतल्या भाज्या

भेंडीचा चिकटपणा पाणी लागले की वाढतो. म्हणून ती आधी धुऊन, फडक्याने कोरडी पुसून मगच चिरायची. कढई पसरट हवी. लहान कढईत अर्धा किलो भेंडी कोंबली की वरची भेंडी खालचीच्या वाफेत शिजते आणि झाकण न ठेवताही झाकण ठेवल्यासारखे होते. मध्यम आचेवर अधूनमधून उलथने फिरवत राहायचे. दोन आमसुले किंवा चमचाभर आंबट ताक घातले की तार तुटते. मीठ शेवटी, कारण मीठ लागले की भाजी पाणी सोडते.

बटाट्याच्या, तोंडलीच्या, कारल्याच्या काचऱ्या याच घराण्यातल्या. भाजीत पाणी आहे तोवर तिचे तापमान 100 अंशांच्या फार वर जात नाही. काचऱ्यांचा तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो वरचा ओलावा उडून कड त्याहून बरीच तापल्यावर. त्यामुळे काचऱ्यांना दोन टप्पे लागतात. पहिली पाच मिनिटे झाकण ठेवून त्या मऊ करायच्या, मग झाकण काढून आच वाढवायची आणि सारख्या न ढवळता कडा तांबूस होऊ द्यायच्या. बटाट्याच्या चकत्या चिरल्यावर पाण्यातून काढून पुसल्या तर वरचे पीठूळ सत्त्व निघून जाते आणि त्या एकमेकींना चिकटत नाहीत. कारल्याला मीठ चोळून अर्धा तास ठेवले आणि घट्ट पिळले की कडूपणा बराच उतरतो.

पालेभाजी हीदेखील उघडीच बरी. मेथी, लाल माठ, चवळई, तांदुळजा यांचा कढईभर पाला पाच मिनिटांत वाटीभर होतो. तेव्हा मीठ पाला बसल्यावर घालायचे. आधी अंदाजाने घातले तर हमखास खारट. लसूण ठेचून तेलात गुलाबी करायचा, हिरवी किंवा सुकी मिरची घालायची, पाला परतायचा, संपले. झाकण न ठेवण्यामागे रंगाचेही कारण आहे. पाल्यातली आम्ले वाफेबरोबर उडून जातात. झाकणाखाली ती परत भाजीत येतात, हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निसटते आणि हिरवा रंग मळकट पडतो. खाण्याचा सोडा घातला तर रंग राहतो, पण पाला गिळगिळीत होतो आणि त्यातली काही जीवनसत्त्वे नष्ट होतात. मोठी आच आणि थोडा वेळ, हाच पाल्याचा उपाय.

याच कारणाने आंबट नेहमी शेवटी. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी पडले तर हिरव्या भाजीचा रंग जातो आणि बटाटा, गवार लवकर शिजत नाहीत, कारण आम्लात भाजीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन सहज सुटत नाही. भेंडी याला अपवाद. दुसरा अपवाद सुरणाचा: त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनी घसा खवखवतो, म्हणून त्याच्या फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यातच शिजवायची रीत आहे. आंबट भाजी लोखंडी कढईत काळवंडते, तिला स्टीलचे भांडे बरे.

पीठ पेरून

भाजी थोडी आणि माणसे जास्त असली की डाळीचे पीठ मदतीला येते. ढोबळी मिरची, कांद्याची पात, मेथी, मुळ्याचा पाला, कोबी यांतली कोणतीही भाजी चालते. पाव किलोला तीन-चार चमचे पीठ. भाजी अर्धवट शिजली की पीठ वरून पेरायचे, लगेच ढवळायचे नाही. थोडा पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचे आणि चार-पाच मिनिटे वाफ काढायची. भाजीतून निघणारी वाफ पीठ शोषून घेते आणि त्याचा कच्चट वास जातो. मग हलक्या हाताने मोकळे करायचे. पीठ आधी कोरडे भाजून ठेवले तर तेल कमी लागते.

विस्तवावर आणि विस्तवाविना

खानदेशातल्या भरताच्या वांग्याला वेगळे झाकण लागत नाही, त्याची सालच ते काम करते. बाहेर साल जळते, आत गर स्वतःच्या वाफेत लोण्यासारखा होतो आणि जळक्या सालीचा धूर त्यात मुरतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही वांगी मोठी, हिरवट पांढरी, पातळ सालीची आणि कमी बियांची असतात. शेतात ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात, गर लाकडी बडगीत ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, तेलात तळलेले दाणे घालून कळण्याच्या भाकरीबरोबर खातात. शहरातल्या गॅसवरही भरीत चांगले होते. वांग्याला दोन-तीन चिरा पाडून आत कीड नाही ना हे पाहायचे, चिरांत लसणाच्या पाकळ्या खोचायच्या, तेलाचा हात लावायचा आणि देठ धरून फिरवत भाजायचे. चिरा पाडल्याने ते फुटतही नाही.

कोशिंबिरीला आच लागत नाही, पण पाण्याचा हिशेब तिथेही तोच. काकडी चोचवून मीठ लावले की दहा मिनिटांत पाणी सुटते. खमंग काकडीसाठी ती पिळून घ्यायची आणि ते पाणी थालीपिठाच्या भिजवणीत वापरायचे. मग दाण्याचे कूट, लिंबू, चिमूटभर साखर आणि तुपात जिरे-मिरचीची फोडणी. गाजर, कोबी, मुळा, बीट यांचेही असेच. ताट वाढायच्या वेळी मीठ घातले तर कोशिंबीर शेवटपर्यंत करकरीत राहते. लाल भोपळा वाफवून दह्यात कुस्करला की त्याचे भरीत होते. फोडणी थोडी निवल्यावर ओतावी, म्हणजे दही फुटत नाही.

साली आणि देठ

दोडक्याच्या शिरा, दुधीची साल, फ्लॉवरचे कोवळे देठ, बिटाचा पाला हे सहसा कचऱ्यात जाते. दोडक्याच्या शिरा थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतून तीळ, सुके खोबरे, मिरची आणि मीठ घालून कुटल्या की तीन-चार दिवस टिकणारी चटणी होते. तिच्यातही ओलावा उरला तर ती नरम पडते, म्हणून आच मंद आणि कढई उघडी. फ्लॉवरचे देठ सोलून बारीक चिरले तर पीठ पेरलेल्या भाजीत खपतात. बिटाचा पाला लसणाच्या फोडणीत माठासारखाच लागतो.

आठवड्याची भाजी एकदम आणणाऱ्या घरांत क्रमही पाण्यावरूनच लावता येतो. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवावी, तोवर ती निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी. भेंडी, गवार, काकडी मधल्या दिवसांत. कोबी, गाजर, बीट त्यानंतर. अख्खा लाल भोपळा फ्रिजबाहेरही कितीतरी दिवस राहतो, त्याची पाळी सगळ्यांत शेवटी: फोडणीत मेथीदाणे, सालीसकट मोठ्या फोडी, झाकण ठेवून दहा-बारा मिनिटे वाफ, आणि फोडी शिजल्यावर गूळ, आमसूल व थोडे ओले खोबरे.