*खाडीकाठची सेंद्रिय बाग आणि कयाक: होडी घेण्याआधी हे वाचा*



पावसाळा सरला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या सभासदांकडून एकच प्रश्न येतो. "एक-दोन एकर बाग आहे, शेणखत-जीवामृतावर करतो, पाहुणे राहायला येतात. आता दोन कयाक घेऊन ठेवू का?"

थोडक्यात उत्तर असं: बाग नीट उभी असेल, पाण्याची वेळ कळत असेल आणि पाहुण्याला 'आज नाही' म्हणता येत असेल, तर घ्या. यातलं एक जरी नसेल तर यंदा थांबा. मेसेज मोठा आहे, पण घरातल्या सगळ्यांनी वाचावा.

*१) आधी बागेचं पाणी तपासा*

आपल्या नद्या पावसात गोड असतात. डिसेंबरनंतर वरून येणारं पाणी कमी होतं आणि भरतीबरोबर खारं पाणी आत सरकतं. जिथे जानेवारीत पंप लावून शिंपणं चालतं, तिथेच एप्रिलमध्ये तेच पाणी झाडाला मारक ठरतं. जिभेवर भरवसा ठेवू नका, कारण खारटपणा जिभेला कळेपर्यंत बागेचं नुकसान झालेलं असतं.

बाटलीभर पाणी कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती-पाणी प्रयोगशाळेत द्या आणि ईसी काढून घ्या. ०.७ डेसीसीमेनपेक्षा कमी असेल तर काळजी नाही. ०.७ ते ३ च्या मध्ये असेल तर पीक बघून वापरा. ३ च्या वर गेलं तर पंप बंद. माड बराच खारटपणा सोसतो. पोफळ, मिरी आणि भाजीपाला सोसत नाहीत. नमुना भरतीच्या वेळी घ्या, कारण ओहोटीला पाणी गोड वाटतं आणि फसगत होते. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असे तीन नमुने पुरेत.

जीवामृताचं प्रमाण सर्वांना माहीत आहेच: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, १-२ किलो गूळ, १-२ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. पण यात खाडीचं पाणी घालू नका, विहिरीचंच घाला. आळ्यात झावळ्या आणि सोडणं अंथरा. ओल टिकली की शिंपण्याची पाळी लांबते आणि खाऱ्या पाण्याकडे हात जात नाही.

खाजणाची जमीन असेल तर बांध आणि उघाडी ऑक्टोबरातच बघून घ्या. एका उधाणाला बांध फुटला तर शेतात शिरलेलं मीठ धुऊन जायला पुढचे पावसाळे लागतात.

*२) काठ राखा*

पाहुण्यांना खाडी दिसावी म्हणून काठावरची झाडी तोडतात. हे करू नका. तिवर आणि बाकीचं कांदळवन कायद्याने संरक्षित आहे, तोडल्यास गुन्हा दाखल होतो. कायदा बाजूला ठेवला तरी ती मुळंच तुमचा काठ धरून असतात. तिवर गेली की दोन पावसाळ्यांत काठावरचा माड पाण्यात झुकलेला दिसेल.

उतरायला जुना घाट किंवा पायवाट असेल तीच वापरा. काठ उघडा असेल तर करंज, उंडी, बांबू लावा. गोड्या पाण्याच्या बाजूला वाळा चांगला. सिमेंटचा धक्का किंवा काठावर खोली बांधण्याचा विचार असेल तर आधी सीआरझेडची चौकशी करा. भरतीचं पाणी पोचतं तिथवर हा नियम लागतो, मग समुद्र कितीही लांब असो.

*३) पाहुण्यांचं सांडपाणी*

आपण शेतात रसायन घालत नाही आणि सहा पाहुण्यांचा साबण, शाम्पू, फिनेल मात्र सरळ वहाळात सोडतो. याला सेंद्रिय म्हणता येणार नाही. न्हाणीचं पाणी गाळाच्या खड्ड्यातून अळू, कर्दळ, केळीच्या वाफ्यात न्या. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि पुराचं पाणी पोचत नाही अशा उंचीवर घ्या. न्हाणीत साधा साबण आणि शिकेकाई ठेवा, पाहुण्यांना त्याचं अप्रूपच वाटतं.

प्रमाणपत्राबद्दल एक गोष्ट. पीजीएस गटात असाल तर रूपांतराच्या काळात 'पीजीएस ग्रीन' आणि तो काळ पुरा झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' मिळतं. हंगामी पिकांना २ वर्षं, माड-आंबा-काजू अशा झाडांना ३ वर्षं धरा. प्रमाणपत्र नसताना आमसुलाच्या किंवा तेलाच्या पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह छापू नका. एका घराने केलं तरी चौकशी पूर्ण गटाची होते.

*४) पाण्याची वेळ: तिथीचा पाऊणपट*

आपल्याकडचे जुने मच्छीमार तिथीवरून भरती काढतात. *तिथीचा आकडा गुणिले पाऊण = भरतीची वेळ.* शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच.

पंचमी: ५ × पाऊण = पावणेचार. पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी संपते.
एकादशी: ११ × पाऊण = सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला पाणी भरतं.

हा अंदाज समुद्राच्या तोंडाजवळचा. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा येते. तुमच्या घाटावर किती उशिरा येते ते आठ दिवस खुंट रोवून बघा आणि भिंतीवर लिहून ठेवा. नक्की वेळेसाठी बंदर कार्यालयाचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं किंवा उतरतं. ओढ सर्वांत जास्त तेव्हाच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं आणि ओढ आणखी वाढते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी मऊ असतं.

नवख्या पाहुण्यासाठी बेत एकच: *भरतीच्या शेवटच्या दीड तासात पाण्याबरोबर वर जायचं, पाणी थांबलं की फिरायचं, आणि ओहोटी जोर धरायच्या आत घाटावर यायचं.* ओहोटीबरोबर समुद्राच्या तोंडाकडे कधीच जायचं नाही. माणूस दमतो, पाणी दमत नाही.

वाराही बघा. सकाळी मतलई वारा मंद असतो. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा रिकामी कयाकसुद्धा आडवी जाते. म्हणून फेरी सकाळचीच.

आता दोन्ही जुळवा. सकाळी साडेसात ते पावणेदहा या वेळेत भरती येते ती दशमी, एकादशी, द्वादशी, त्रयोदशीला. म्हणजे पक्षात चार आणि महिन्यात आठ सकाळी. त्यातही त्रयोदशीला ओढ वाढू लागलेली असते. *दिवाळीची गर्दी नेमकी अमावास्येभोवती येते, म्हणजे उधाणात.* ते चार दिवस नवख्यांना पाण्यात घालू नका. सोलाण्याने नारळ कसा सोलतात ते दाखवा.

*५) 'आज नाही' कधी म्हणायचं*

▪️ आभाळ गडगडतंय. ऑक्टोबर आणि मे महिन्यात दुपारी वीज पडते. 'दामिनी' अॅप फोनमध्ये ठेवा.
▪️ वर डोंगरात पाऊस झालाय आणि पाणी लाल आलंय.
▪️ धरणातून किंवा पाटाच्या बंधाऱ्यातून पाणी सोडणार आहेत.
▪️ पाहुण्याने दारू घेतलीय. इथे ओळख, नातं, जादा पैसे काही बघायचं नाही.
▪️ लाइफ जॅकेट मापाचं नाही. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जातं.
▪️ अंधार पडतोय.

*बंधाऱ्यावरून कयाक नेऊ नका.* वनराई बंधारा असो वा काँक्रीटचा, वरून पाणी पडतं तिथे खाली भोवरा तयार होतो आणि तो माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतो. पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटत नाही. बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी दोन्ही काठांना लाल कापड बांधून हद्द आखा.

मगरींची माहिती गावातून घ्या. चिपळूणच्या वाशिष्ठीत आणि बांद्याकडच्या तेरेखोलात मगरी आहेत. अशा पाण्यात बसक्या, हलक्या कयाकचा विचारच नको.

पायात चप्पल नको, घट्ट बूट हवेत. कालवांनी पाय चिरतात. जखम झाली तर गोड्या पाण्याने धुवा. नंतर ताप आला तर 'पाण्यात गेलो होतो' हे डॉक्टरांना सांगायला लावा, लेप्टोचा विचार लवकर होतो.

आणि खाडी फक्त आपली नाही. खुंटांवर जाळी लावलेली असतात, ओहोटीला बायका तिसऱ्या-कालवं काढतात. त्यांच्या जाळ्यावरून कयाक गेली तर भांडण गावात येतं. पहिली फेरी काढण्याआधी त्यांच्याशी बोला. सोबती म्हणूनही त्यांच्यातलाच कोणी घ्या, पाणी त्यांना कळतं.

*६) पैशाचा हिशेब*

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घालून बघा.

समजा दोघांच्या दोन कयाक आणि सोबत्याची एक मिळून ९५,००० रुपये. जॅकेट, वल्ही, दोरी, शिट्ट्या १५,०००. एकूण १,१०,०००.

ऑक्टोबर ते मे मध्य साडेसात महिने. महिन्याला ८ धरल्या तर ६० सकाळी. पाहुणे येतात शनिवार-रविवारी, म्हणजे त्यातल्या १७ हाती लागतात. चार पाहुणे, माणशी ४०० रुपये: फेरीला १,६००, हंगामाला २७,२००. सोबत्याची मजुरी फेरीला ७०० प्रमाणे ११,९००. विमा आणि दुरुस्ती ६,०००. उरले ९,३००.

या वेगाने भांडवल सुटायला बारा वर्षं लागतील. *म्हणून कर्ज काढून कयाक घेऊ नका.* कयाकने घर चालत नाही. तिच्यामुळे पाहुणा एक रात्र जास्त राहतो, दोन वेळा जास्त जेवतो आणि जाताना खोबरेल, आमसुलं, कुळथाचं पीठ घेऊन जातो. कमाई त्यात आहे, आणि ती बागेतून येते.

याहून बरं म्हणजे एकाच खाडीवरच्या पाच घरांनी मिळून साहित्य घेणं. वाट्याला २२,००० येतात, सोबती एकच लागतो आणि शनिवार-रविवारखेरीजच्या सकाळीही होड्या रिकाम्या राहत नाहीत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवन सफर चालवतात ती अशीच गटाने, वल्ह्याच्या होडीवर. एकदा जाऊन बघून या.

*७) कागदपत्रं*

▪️ कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी: राज्याच्या २०२० च्या धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे. किमान १ एकर शेती हवी.
▪️ कयाक हा साहसी प्रकारात येतो. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याची नोंदणी वेगळी.
▪️ खाडीत होडी चालवण्याबाबत मेरीटाइम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात लेखी विचारा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, सुरू-बंदची तारीख तिथेच कळेल.
▪️ जेवण देत असाल तर एफएसएसएआय नोंदणी.
▪️ पाहुण्यांचा अपघात विमा. पॉलिसीत पाण्यातला खेळ धरलाय का ते वाचून घ्या.
▪️ सोबत्याला जीवरक्षकाचं प्रशिक्षण. गोव्यात पणजीजवळ राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे असे वर्ग होतात.

*या आठवड्यात एवढंच करा*

✅ पाण्याचा पहिला नमुना द्या.
✅ घाटावर खुंट रोवून आठ दिवस भरतीची वेळ लिहा.
✅ बांध, उघाडी, शोषखड्डा बघून या.
✅ खाडीवरच्या चार शेजाऱ्यांना विचारा: एकत्र घ्यायचं का?

ज्यांना गट करायचा आहे त्यांनी आपल्या गावच्या समन्वयकाकडे नाव द्यावं. एका खाडीवर पाच नावं झाली की बैठक लावू. तोवर कोणी कयाकची आगाऊ रक्कम भरू नये.

हा मेसेज खाडीकाठच्या प्रत्येक सभासदाला पाठवा. पाण्यात उतरणारी पोरं घरात असतील तर त्यांना मुद्दा ४ आणि ५ मोठ्याने वाचून दाखवा.

*आपली शेतकरी उत्पादक कंपनी*