पहिला वाढदिवस आणि तीनशे पानं

मूल वर्षाचं व्हायला आलं की आपल्या सोलापुरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पहिलाच वाढदिवस आहे, जितकी माणसं जास्त तितकं बाळ खूश." मग विजापूर रोडला नाहीतर जुळे सोलापुरात हॉल धरला जातो आणि यादी तीनशे पानांवर जाते.

बाळ खूश होत नाही. साधारण आठव्या महिन्यापासून मुलं परक्या माणसाला बिचकू लागतात आणि वर्षाच्या आसपास ही भीती ऐन भरात असते. नेमकं तेव्हाच आपण त्याला टोचणारी जरीची कुंची घालतो आणि झोपेच्या वेळी स्टेजवर नेतो. तोंडावर फोटोग्राफरचा दिवा, कानाशी स्पीकर, आणि रांगेतला प्रत्येक जण गाल ओढणार. बाळ आईच्या खांद्यात तोंड खुपसून टाहो फोडतं, तर म्हणे दृष्ट लागली, मीठमोहऱ्या आणा! अहो, लेकरू घाबरलंय, दमलंय. मोठेपणी आठवण राहील म्हणावं, तर बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते.

यादी फुगते ती आहेराच्या वहीमुळे. त्यांनी बोलावलं होतं, आता आपण बोलवायला हवं. ही देणीघेणी खरी आहेत, पाळायलाही हवीत; पण त्यासाठी मोठ्यांचं जेवण वेगळं घाला. त्याचा भार बाळावर कशाला?

मोठ्या मुलांचंही वय पाहूनच ठरवावं. मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्ये बालवाडीतल्या मुलांच्या खेळाची निरीक्षणं प्रसिद्ध केली. दोन-अडीच वर्षांची मुलं बहुतेक एकटी किंवा शेजारी बसून आपापलं खेळतात; मिळून खेळणं तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून वाढत जातं. दोन वर्षांच्या मुलाला वीस सवंगडी जमवून त्याला काहीच मिळत नाही.

'वय अधिक एक इतकीच मुलं बोलवा' हा परदेशातून आलेला अंदाज आहे, शास्त्राचा नियम नव्हे. अख्खा वर्ग बोलवायलाच हवा असंही नाही. वर्गात चॉकलेटं वाटली की सगळ्यांना वाटा मिळतो. मात्र दोघा-तिघांना वगळून बाकी सगळ्यांना बोलावू नका, ते त्या दोघांना फार लागतं. आणि केकच्या साखरेने मुलं उधळतात हेही खोटं: 1995 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 23 प्रयोगांचा एकत्रित आढावा आला, त्यात साखरेचा वागण्यावर परिणाम आढळला नाही. मुलं उधळतात ती गर्दीने आणि जागरणाने.

मूल पाच-सहा वर्षांचं असेल तर कोण हवं ते त्यालाच विचारा आणि तेवढ्यांनाच बोलवा. बाळ वर्षाचं असेल तर आजी-आजोबा, मामा, आत्या, शेजारचं एखादं घर, औक्षण आणि शेंगापोळीचं जेवण, एवढंच करा. आणि ते त्याच्या झोपेच्या वेळेआधी आटोपा.