पाटीपेक्षा ओतकाम बोलके : इंग्लंडच्या कालव्यांवरील जुनी डिझेल इंजिने

इंग्लंडच्या मध्यभागातील कालव्यांवर अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली आणि त्याच्यामागून आलेल्या अभियंत्यांनी बांधलेली लॉक, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दारांचे हौद, जेमतेम ७ फूट रुंद होती. त्यामुळे तेथील मालवाहू बोटीही तेवढ्याच अरुंद आणि सुमारे ७० फूट लांब झाल्या. याच नॅरोबोट होत. घोडे, वाफ, १९१२ च्या सुमारास तेलावरची इंजिने, १९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण आणि पुढे मालाऐवजी सहल व निवास, असा त्यांचा क्रम आहे. या काळात एकाच बोटीत एकामागून एक इंजिने बसत गेली. म्हणून जुनी बोट घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न येतो तो इंजिनाच्या ओळखीचा.

जुन्या पिढीतील इंजिने दुरूनही ओळखता येतात. स्वीडनचे बोलिंडर हे एका सिलिंडरचे अर्धडिझेल इंजिन असून, सुरू करण्यापूर्वी त्याच्या माथ्यावरचा पोकळ गोळा स्टोव्हसारख्या ज्योतीने तापवावा लागतो. उलट दिशेने जाण्यासाठी त्याला गिअरबॉक्स लागत नाही. वेग उतरवून नेमक्या क्षणी इंधन सोडले की इंजिनच उलटे फिरू लागते. डर्सली येथील लिस्टर कारखान्याच्या एसआर मालिकेत हवेने थंड होणारे, पंख्यासारख्या कडांचे सुटे सिलिंडर असतात. त्या प्रत्येकाला स्वतंत्र हेड आणि स्वतंत्र इंधनपंप असतो, आणि एसआर२ किंवा एसआर३ या नावातील आकडा सिलिंडरांची संख्या सांगतो.

खरी कसोटी मात्र सामान्य दिसणाऱ्या चार सिलिंडरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची आहे. अशी बहुतेक इंजिने मुळात मोटारी, व्हॅन किंवा ट्रॅक्टर यांच्यासाठी ओतलेली असतात. दुसराच एखादा कारखाना त्यांना बोटीस योग्य असे थंडावणीचे भाग व गिअरबॉक्स जोडतो आणि आपल्या रंगात, आपल्या नावाने विकतो. या प्रक्रियेला मरिनायझेशन म्हणतात. तेव्हा वरची पाटी विक्रेत्याची, गिअरबॉक्सवरची पाटी गिअरबॉक्सच्या कारखान्याची, इंधनपंपावरची पाटी पंपाची, आणि इंजिनाचे खरे कूळ मात्र ब्लॉकच्या ओतीव लोखंडावरील अंकांत, असा प्रकार घडतो.

याचे सर्वांत उद्बोधक उदाहरण बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, हिच्या डिझेल इंजिनांचे आहे. थॉर्निक्रॉफ्ट ९० या नावाने विकले गेलेले इंजिन हे बीएमसीचे १.५ लिटरचे, आणि थॉर्निक्रॉफ्ट १०८ हे १.८ लिटरचे. गोंधळ येथेच सुरू होतो, कारण पीटरबरोच्या पर्किन्सचे ४.१०८ नावाचे इंजिनही कालव्यांवर वापरात आहे. त्यातील ४ म्हणजे सिलिंडर आणि १०८ म्हणजे घनइंचांतील क्षमता, जी लिटरमध्ये सुमारे १.७६ भरते. नावात तोच आकडा, क्षमता जवळपास तीच, परंतु घराणी सर्वस्वी भिन्न. केवळ ‘१०८’ एवढे सांगून मागवलेले हेड गॅस्केट बसत नाही ते यामुळेच.

बीएमसीच्या दोन भावंडांतही फरक ओळखणे सोपे नाही. १.५ ची क्षमता १४८९ आणि १.८ ची १७९८ घन सेंटिमीटर आहे. दोहोंत पिस्टनची धाव सुमारे ८८.९ मिलिमीटर, म्हणजे एकच असते, आणि सिलिंडरचा व्यास तेवढा सुमारे ७३ वरून ८०.३ मिलिमीटर होतो. हा फरक बाहेरून दिसत नाही. हेड उतरवून मोजले की शंका उरत नाही. तसे करण्याची वेळ येऊ नये म्हणून आधी ग्रीस व रंगाचे थर खरवडून ओतकामावरचे आणि ठोकलेले सगळे अंक उतरवून घ्यावेत, आणि इंधनपंप कोठे व कसा बसवला आहे ते छायाचित्रांशी ताडून पाहावे.

हेच १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन भारतालाही परके नाही, कारण हिंदुस्थान मोटर्सच्या डिझेल अँबॅसिडरमध्ये याच घराण्याचे इंजिन होते. ती गाडी ज्याने कधी उघडली असेल, त्या महाराष्ट्रातील कारागिराला बर्मिंगहॅमच्या कालव्यावरचे हे लोखंड ओळखीचे वाटेल.

बोलिंडरच्या ठेक्यावर जीव टाकणाऱ्या रसिकांनी या व्हॅनमधून आलेल्या इंजिनांनाही तेवढाच अभ्यास द्यायला हवा, कारण वापरातल्या बोटी चालत्या ठेवण्याचे काम आज तीच करीत आहेत आणि त्यांचे सुटे भाग मिळणे सर्वस्वी अचूक ओळखीवर अवलंबून आहे.