संगणकाचा मुकादम आता तारेवरून येतो!

कोल्हापूर : गावचा संगणक बसला की तालुक्याहून माणूस येईपर्यंत कामं अडतात. माणूस येतो, पेन ड्राईव्ह लावतो, दोन तास बसतो आणि भाडंखर्च घेऊन जातो. मोठ्या सर्व्हरच्या बाबतीत मात्र शेकडो किलोमीटरवर बसून, नुसत्या तारेवरून ऑपरेटिंग सिस्टीम टाकता येते. आपला सातबारा, कारखान्याची ऊसनोंद, सोसायटीचं खातं अशाच सर्व्हरवर असतं. म्हणून ही भानगड काय आहे, ते शेतकऱ्यांनी आणि कारभाऱ्यांनी समजून घेतलं पाहिजे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे ऊसतोड टोळीचा मुकादम. कोयते आहेत, गडी आहेत, पण मुकादम नसेल तर फडात कामाला सुरुवात होत नाही. संगणकाचंही तसंच. हा मुकादम नसेल तर यंत्र म्हणजे नुसतं लोखंड.

आपल्या जिल्ह्याला याचा जुना धडा आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊसतोडीची पावती, वजन, खताचा हिशेब गावातच मिळू लागला आणि कारखान्यापर्यंतचे हेलपाटे वाचले. पण पुढे संगणक जुने झाले, दुरुस्तीचा खर्च डोईजड झाला. अखेर ७ गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर माहिती देण्याचा प्रयोग झाला. त्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. यंत्र बसवणं सोपं, ते लांबून सांभाळणं अवघड, हेच त्यातून दिसलं.

लांबून सांभाळण्याची सोय १९९८ सालीच आकार घेत होती. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी मिळून सर्व्हरवर लक्ष ठेवायची ‘आयपीएमआय’ ही पद्धत त्या वर्षी जाहीर केली. सर्व्हरच्या आत एक लहान स्वतंत्र चिप असते. सर्व्हर बंद असला तरी प्लगला वीज आहे तोवर ती जागी राहते. दूर बसलेला तंत्रज्ञ तिच्यामार्फत यंत्र चालू-बंद करतो.

पुढचं काम ‘पीएक्सई’ या पद्धतीने होतं. सर्व्हर जागा होताच तारेवर हाक मारतो, “मला पत्ता द्या, काम द्या.” त्याच जाळ्यातला दुसरा संगणक त्याला पत्ता देतो आणि फाईल कुठून उचलायची ते सांगतो. सर्व्हर आधी छोटा प्रोग्रॅम आणतो, मग मोठा. भाषा कोणती, डिस्कचे भाग किती, पासवर्ड काय, याची उत्तरं आधीच एका फाईलमध्ये लिहिलेली असतात. त्यामुळे एकदा बटण दाबलं की शंभर सर्व्हरही एका दमात तयार होतात.

पण सोय तिथं धोकाही आला. ही स्थापना बहुधा डिस्क पुसून होते. प्रत्येक नेटवर्क कार्डाला १२ अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. गट नंबरातला एक आकडा चुकला की दुसऱ्याच्या रानात मोजणी होते, तसा हा क्रमांक चुकला तर दुसऱ्याच यंत्रावरची नोंद पुसली जाते. शिवाय मूळ पीएक्सईमध्ये हाकेला ओ देणारा खरा की खोटा, हे तपासलं जात नाही. म्हणून हे काम वेगळ्या, बंदिस्त जाळ्यातच करावं आणि त्या चिपचं दार इंटरनेटला उघडं टाकू नये.

संस्थेचा सर्व्हर कंत्राटदार लांबून सांभाळत असेल, तर चेअरमन, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी चार गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. काम सुरू करण्याआधी माहितीची दुसरी प्रत कुठे ठेवली? ती प्रत परत उघडून पाहिली का? पासवर्ड संस्थेकडे आहे की फक्त कंत्राटदाराकडे? आणि अर्ध्यात वीज गेली, यंत्र परत उभं राहिलं नाही, तर किती तासांत माणूस प्रत्यक्ष येणार?

मुकादम तारेवरून कितीदाही नवा आणता येतो. पण वर्षाची तोडनोंद पुसली गेली, तर ती कुठल्याच तारेवरून परत येत नाही. तिची प्रत आपल्या कपाटात हवी.