मॉइश्चरायझर पाणी पाजत नाही

त्वचा ‘मॉइश्चराइझ’ करायची म्हणजे तिला बाहेरून पाणी पाजायचं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्वचेला पाणी मुख्यतः शरीराच्या आतून मिळतं आणि ते सतत वर येऊन हवेत उडून जात असतं. या गळतीचा वेग कमी करणं, हे मॉइश्चरायझरचं मुख्य काम.

एरवी ही गळती थोपवतो तो त्वचेचा सर्वांत वरचा थर. तळहात-तळपाय सोडले तर तो केसापेक्षाही पातळ असतो. मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. कडकडीत पाणी आणि साबण हा सांधा धुऊन नेतात. साबणाचा पीएच ९ ते १०, त्वचेचा ५ च्या आसपास; अंग फुटतं ते उगाच नाही. मॉइश्चरायझरमधलं ग्लिसरीन आणि युरिया पाणी धरून ठेवतात, तेलं फटी बुजवतात, तर पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते. १८७२ साली रॉबर्ट चेसब्रो यांनी पेटंट घेतलेल्या या जेलीइतकं घट्ट झाकण आजही क्वचितच सापडतं. कोकणात टाचांच्या भेगांना लावतात ते कोकमाच्या बियांचं भिरंडेल हेही याच कामाचं. म्हणून आंघोळीनंतर अंग टिपून, ते ओलसर असतानाच काहीतरी लावावं. कोरड्याठक्क त्वचेवर लावलं तर धरून ठेवायला पाणीच कमी असतं.

‘भरपूर पाणी प्या, त्वचा मऊ होईल’ हा सल्लाही इथेच लंगडा पडतो. तहानेपुरतं पाणी पिणाऱ्याची त्वचा आणखी चार ग्लासांनी सुधारत नाही, कारण तूट पुरवठ्यात नसून गळतीत आहे.

तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझरची गरज नाही, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्याची झळ कोवळ्या मुलामुलींना बसते. तेल ग्रंथींतून येतं, पाणी पेशींत असतं. चेहरा तेलकट असूनही सोललेला असू शकतो. मुरमं आली की मुलं दिवसातून पाच वेळा साबण लावतात, लिंबू चोळतात आणि जळजळ वाढवून घेतात. मुरमांवरची बेंझॉइल पेरॉक्साइड, अडापालीन ही औषधंही त्वचा कोरडी करतात. तिथे हलकं जेल हवंच. खोबरेल मात्र चेहऱ्यावर नको, ते रंध्रं बुजवू शकतं.

मॉइश्चरायझरची सवय लागते म्हणावं, तर तसंही नाही. लावणं थांबवलं की मूळचा कोरडेपणा परत दिसतो, इतकंच. कोलॅजेनच्या क्रीमने त्वचेतलं कोलॅजेन भरून निघत नाही: त्याचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टन वजनाचा, आणि त्वचेतून सहज पार होणारे रेणू साधारण ५०० च्या आतले.

मधुमेह असणाऱ्यांनी टाचांना युरियाचं क्रीम रोज लावावं, भेगा ब्लेडने कापू नयेत. बोटांच्या बेचक्यांत मात्र ते लावू नये. ओल साचून तिथे बुरशी धरते.